पाठकोरे

सातपूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
दुपारी दोन ते चार मशीनसुद्धा पेंगतं.
तेव्हा मी मोबाईलवर जग उकरत बसतो
आणि जे सापडेल ते
वाया गेलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून ठेवतो,
निवृत्ती पेंटरसाठी.

त्याच्याकडे बटणाचा फोन आहे.
रंगाने माखलेलं बोट काचेला ओळखू येत नाही, म्हणतो.

या आठवड्यात सोमवारीच घबाड लागलं :
कुठल्याशा थंड देशात एक मास्तर
रस्त्यावर पडलेले एकेकटे हातमोजे गोळा करतो,
प्रत्येकाला नाव देतो, आणि जोडीदार सापडला
तर चहा-बिस्किटांसह लग्न लावतो.
(आतापर्यंत लग्नं चार. घटस्फोट एक, माप चुकलं होतं.)

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून मेथी घेऊन आलो, तर
एका तळ्यावर कुणी कॅमेरा लावून ठेवलेला.
तळ्यात काही होत नाही.
दोनशे अकरा माणसं ते काही न होणं बघत होती.
मी दोनशे बारावा.
मेथी सुकली. बायको बोलली ते वेगळं.

एक बाई बटाट्यांना स्वेटर विणते.
का, ते तिने लिहिलेलं नाही.
हे मी दोनदा अधोरेखित केलं.

दर रविवारी आम्ही मखमलाबाद रोडला मिसळ खातो.
मी वाचतो, तो तर्री ओतून घेतो
आणि न हसता विचारतो, "मग पुढं?"
मागे एकदा सांगितलं, एक माणूस वीस वर्षं
एकाच दिव्याच्या खांबाची सावली मोजतोय,
तर हा म्हणाला, त्यात काय,
आपण पूर मोजायला मारुती ठेवलाय.
दुतोंड्याच्या कमरेला पाणी, छातीला पाणी,
अख्खं नाशिक त्याच्या अंगावर नदी वाचतं.
हे लिही म्हणावं तुझ्या इंटरनेटात.

शुक्रवारी मात्र सापडला निवृत्तीच.

म्हणजे पाटी. हिरावाडीतल्या कोठावद्यांच्या गिरणीची,
पिवळ्यावर लाल,
'ळ'ला त्याचा तो गाठ मारल्यासारखा फराटा,
झोपेतही ओळखला असता :
येथे गिरणी दळून मिळेल.

चाळीस हजार लोक हसले होते.
कुणी विचारलेलं, जाडसर की बारीक?
कुणी, आमचा मिक्सर पण घ्याल का दळायला?
मीही हसलो, आधी. खोटं कशाला सांगू.
मग दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं,
उगाच.

शनिवारी काही शोधलं नाही.
एकच आधारकार्ड चार वेळा तिरकं छापलं.

रविवारी हातमोजे वाचले. तळं वाचलं. बटाटे.
शेवटचा कागद खिशातच.
"मग पुढं?"
संपलं, म्हटलं.
पाव मोडता मोडता तो म्हणाला,
"नातीने दाखवली मला. चाळीस हजार ना?
पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या,
एवढ्या लोकांनी एकही वाचली नव्हती.
पाटी कोण वाचतं? बघतात, आणि आत शिरतात."

मी पिळलेलंच लिंबू पिळत राहिलो.

"आणि कोठावद्याला जाऊन विचार,
टाकी लावायला माणूस येतो की नाही दर दोन महिन्यांनी.
झिजलेला दगड जातो कुठं?
गिऱ्हाइकाच्या डब्यात.
गिरणीच दळून मिळते रे तिथं.
गहू आपला निमित्ताला."

हात धुऊन आला. ओल्या बोटांनीच
माझ्या खिशातला कागद ओढून काढला,
मी उतरवलेली त्याची पाटी लांब धरून पाहिली,
चष्मा वर करून, जवळ धरून पाहिली.
"ळ असा असतो का?"
आणि माझंच पेन मागून घेतलं.